चित्रात न दिसणारे दुखणे

मोखाडा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर आवणीच्या दिवसांत एक बाई बांधावरून घसरली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले, अशी कल्पना करा. चार माणसांनी झोळी करून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणले. तिथून जीपने मोखाडा आणि मोखाड्याहून रुग्णवाहिकेने नाशिक. शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसली, टाके निघाले. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला, तर हाड छान जुळलेले. डॉक्टर फोटो उजेडात धरून समाधानाने सांगतात, "सगळे ठीक आहे, आता हळूहळू कामाला लागा." बाई मात्र म्हणते की पाय दुखतो. नुसता पायच नाही, तर पाठ, मान आणि खांदेही दुखतात. झोप लागत नाही, आणि लागलीच तर सकाळी उठताना रात्रभर जात्यावर बसल्यासारखे अंग मोडून आलेले असते.

आता या दोघांपैकी खोटे कोण बोलते आहे?

ही बाई काल्पनिक असली तरी तिच्यापुढचा पेच खरा आहे. जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे भाताचे, नागलीचे, वरईचे काम उरकले की दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. पुष्कळांनी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते. "फोटोत काही नाही" असे एकदा डॉक्टरांनी म्हटले, की घरच्यांच्या आणि मुकादमाच्या लेखी ती बरी झाली. त्यानंतर दुखते म्हणणे म्हणजे काम टाळणे. म्हणून फोटो आणि माणूस यांत विसंगती आली तर विश्वास कोणावर ठेवायचा, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा उरत नाही. वैद्यकाला स्वतःलाही त्याचे उत्तर शोधायला शंभराहून अधिक वर्षे लागली. या लेखात आपण तोच इतिहास पाहणार आहोत. त्याच्या केंद्रस्थानी फायब्रोमायल्जिया नावाचा विकार आहे आणि तो हाडांच्या व सांध्यांच्या शस्त्रक्रियेनंतर माणसाच्या बरे होण्यात कसा आडवा येतो, हे त्यातून उलगडत जाईल.

एक किरण आणि एक शब्द

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रंटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर काही महिन्यांतच मोडलेली हाडे पाहण्यासाठी युरोप-अमेरिकेतले डॉक्टर हे किरण वापरू लागले. त्यापूर्वी हाड मोडले आहे की नाही, हे बोटांनी चाचपून, हाडांची करकर ऐकून आणि रुग्णाच्या किंकाळीवरून ठरत असे. आपल्याकडचा हाडवैद्यही तेच करीत आला आहे. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे प्रकार सांगितले आहेत आणि झाडांच्या सालींच्या व बांबूच्या पट्ट्या बांधून हाड स्थिर करण्याचे वर्णनही आहे, पण तिथेही आधार हाताचा आणि रुग्णाच्या सांगण्याचाच. क्ष-किरणांनी हाडाला स्वतःची साक्ष देता येऊ लागली. अस्थिशल्यचिकित्सेची पुढची सगळी झेप या साक्षीवर उभी आहे, हे मान्यच करायला हवे. मात्र त्याच वेळी रुग्णाच्या साक्षीचे वजन थोडे कमी झाले.

यानंतर नऊ वर्षांनी, १९०४ मध्ये, लंडनचे चेतातज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर एक व्याख्यान दिले. काही रुग्णांचे स्नायू दाबल्यावर फार दुखतात, पण सांधे सुजलेले नसतात, हाडे शाबूत असतात. हे दुखणे कुठून येते? गॉवर्स यांचा तर्क असा की, स्नायूंमधल्या तंतुमय ऊतकाला दाह होत असावा. या दाहासाठी त्यांनी 'फायब्रोसायटिस' हा शब्द सुचवला. त्याच वर्षी ग्लासगोचे राल्फ स्टॉकमन यांनी अशा रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांत दाहाच्या खुणा दिसल्याचे प्रसिद्ध केले. तर्क आणि पुरावा एकाच वर्षात मिळाल्यामुळे शब्द रुजला.

दाबल्यावर दुखणाऱ्या अशा जागांकडे डॉक्टरांचे लक्ष प्रथमच गेले होते असे नाही. फ्रान्समध्ये व्हालेक्स यांनी १८४१ च्या आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले होते. पण नाव गॉवर्स यांचे टिकले, आणि गंमत अशी की ते नाव चुकीचे होते. पुढच्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा स्नायूंचे तुकडे तपासले, पण स्टॉकमन यांना दिसलेला दाह त्यांना सापडला नाही. दुखणारी माणसे तर दवाखान्यात येतच होती, सापडत नव्हती ती जागा.

विज्ञानात अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो आहोत का, असे विचारणे. दुसरी, अधिक सोयीची, म्हणजे शोधण्यासारखे काही नाहीच असे ठरवणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी इस्पितळांत अंग दुखण्याची तक्रार करणारे कितीतरी सैनिक आले आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या दुखण्याला 'मानसिक संधिवात' असे नाव मिळाले. आमच्या मते या इतिहासातले सर्वांत महागात पडलेले वळण हेच. 'फोटोत काही नाही' या वाक्याचा अर्थ तेव्हापासून 'तुमच्या मनात काहीतरी आहे' असा लावला जाऊ लागला, आणि तो अजून पुरता पुसला गेलेला नाही.

घंटेची दोरी आणि दार

चुकीची जागा शोधली जात होती, हे कळायला वेदनेविषयीची जुनी कल्पनाच बदलावी लागली. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी वेदनेचे एक चित्र मांडले होते. पायाला चटका बसतो, एक दोरी ओढली जाते आणि डोक्यातली घंटा वाजते. जेवढा चटका तेवढा आवाज. हे चित्र इतके सोपे आहे की आपण सगळे नकळत त्यावरच विसंबतो. जखम मोठी तर दुखणे मोठे, जखम नाही तर दुखणे नाही.

या चित्राला पहिला तडा इंग्लंडमधल्या जोनास केल्ग्रेन यांच्या प्रयोगांनी गेला. १९३८ मध्ये त्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचले आणि दुखते कुठे, ते विचारले. टोचले एकीकडे आणि दुखले भलतीकडेच, असे वारंवार घडले. म्हणजे दुखण्याची जागा आणि दुखावलेली जागा एकच असते असे नाही. हेच केल्ग्रेन पुढे लॉरेन्स यांच्याबरोबर आणखी एका कामामुळे प्रसिद्ध झाले. गुडघ्याच्या व इतर सांध्यांच्या क्ष-किरण चित्रावरून झीज किती आहे, याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या त्यांनी १९५७ मध्ये ठरवल्या. त्या पायऱ्या आजही वापरात आहेत. आणि अनुभव असा की, चौथ्या पायरीवरचा गुडघा घेऊन काहीजण आरामात गड चढतात, तर दुसऱ्या पायरीच्या गुडघ्याने एखाद्याला उठता-बसता येत नाही.

१९६५ मध्ये कॅनडाचे रोनाल्ड मेल्झॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल यांनी दोरीच्या जागी दार बसवले. त्यांचे म्हणणे असे की, शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश थेट मेंदूत शिरत नाहीत. मेरुरज्जूत त्यांच्या वाटेवर जणू एक दार आहे. ते कधी अधिक उघडते, कधी किलकिले होते. स्पर्शाचे संदेश त्याला ढकलतात, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो आणि बरे वाटते, यात याच दाराचा भाग आहे. दाराच्या रचनेविषयीचे त्यांचे काही तपशील पुढे बदलावे लागले. पण वेदना ही येणाऱ्या संदेशांवर चेतासंस्थेने केलेली प्रक्रिया आहे, हा मुद्दा टिकला.

मग १९८३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. उंदराच्या पायाला इजा झाल्यावर त्याच्या मेरुरज्जूतल्या पेशी अधिक चटकन उद्दीपित होऊ लागल्या, हे अपेक्षितच होते. नंतर वूल्फ यांनी इजा झालेली जागा औषधाने बधिर केली. आता तिथून एकही संदेश येत नव्हता. तरीही पेशींचा तो चटकन भडकण्याचा गुण कायम राहिला. म्हणजे इजेने चेतासंस्थेच्या मध्यवर्ती भागातच बदल घडवला होता.

लग्नाच्या मांडवातला लाऊडस्पीकर आठवा. गाणारा हळूच गातो आहे, माइकही चांगला आहे, पण कोणीतरी अँप्लिफायरची कळ पूर्ण फिरवून ठेवली आहे. मग साधे खाकरणेही कानठळ्या बसवते. अशा वेळी गायकाचा घसा तपासून काय मिळणार? स्टॉकमन यांच्यानंतरचे संशोधक स्नायूंचे तुकडे तपासत होते, तेव्हा ते घसाच तपासत होते.

झोपेचा धागाही याच सुमारास हाती आला. टोरांटोमध्ये मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात अशा रुग्णांच्या झोपेचे आलेख काढले, तेव्हा गाढ झोपेत बिघाड दिसला. मग त्यांनी काही निरोगी स्वयंसेवकांना गाढ झोप लागू लागली की आवाज करून किंचित हलवायला सुरुवात केली. पूर्ण जागे करायचे नाही, फक्त गाढ झोप मोडायची. काही रात्रींतच या धडधाकट माणसांचे अंग दुखू लागले आणि स्नायू दाबल्यावर हुळहुळू लागले. झोप पुन्हा मिळाल्यावर ते कमी झाले. शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात दिव्याखाली, शेजारच्या खाटेवरच्या कण्हण्यात काढलेल्या रात्रींचा विचार हा प्रयोग वाचून मनात आल्याशिवाय राहत नाही.

अंगठ्याचे नख

दाह नाही हे पक्के झाल्यावर नाव बदलणे भाग होते. १९७६ मध्ये हेंच यांनी 'फायब्रोमायल्जिया' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ तंतुमय ऊतक व स्नायू यांचे दुखणे एवढाच. दाहाचा दावा त्यात नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत मुहम्मद युनूस व सहकाऱ्यांनी ५० रुग्ण आणि ५० निरोगी व्यक्ती यांची पद्धतशीर तुलना करून दाखवले की, अंगभर दुखणे, थकवा, न ताजेतवाने करणारी झोप आणि ठरावीक दुखऱ्या जागा ही लक्षणे एकत्र येतात. हा योगायोग नव्हे, एक ओळखता येणारा विकार आहे.

१९९० मध्ये अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने त्याचे निकष ठरवले. किमान तीन महिने शरीराच्या डाव्या-उजव्या बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली दुखत असले पाहिजे, आणि अंगावरच्या १८ ठरावीक जागांपैकी किमान ११ जागा सुमारे ४ किलोग्रॅमच्या दाबाने दुखल्या पाहिजेत. हे ४ किलोग्रॅम म्हणजे किती? तपासणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतका दाब. वर्गात हे सहज करून पाहता येईल. स्वयंपाकघरातला स्प्रिंगचा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, त्यावर अंगठा टेकवा आणि काटा ४ किलोवर जाईपर्यंत दाबा. नखाचा रंग पाहा. निरोगी माणसाला इतका दाब 'दाब' म्हणून जाणवतो, 'दुखणे' म्हणून नाही. फक्त काट्यावरच दाबायचे, एकमेकांच्या मानेवर नाही, हे मुलांना आधीच बजावलेले बरे!

२००२ मध्ये ग्रेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अंगठ्याचा वेगळा उपयोग केला. मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या चुंबकीय यंत्रात १६ रुग्ण आणि १६ निरोगी व्यक्तींना झोपवून त्यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला. तेवढ्याच हलक्या दाबाने रुग्णांच्या मेंदूचे वेदनेशी निगडित अनेक भाग चेतले, तर निरोगी व्यक्तींच्या मेंदूत तसे फारसे दिसले नाही. निरोगी माणसांच्या मेंदूत तसेच चित्र उमटवायला बराच जास्त दाब द्यावा लागला. रुग्ण 'वाढवून सांगतात' हा आरोप इथे लंगडा पडतो. वाढ खरीच होते, पण ती चेतासंस्थेत होते.

२०१० मध्ये निकष पुन्हा बदलले आणि दुखऱ्या जागा दाबून मोजणे बंद झाले. आता रुग्णालाच विचारायचे. गेल्या आठवड्यात शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग दुखले, थकवा किती, झोप कशी, नीट आठवते-सुचते का. सगळ्यांचे गुण मिळून ० ते ३१. २०१६ मध्ये यात आणखी सुधारणा झाली. शंभरहून अधिक वर्षांच्या फेरफटक्यानंतर वैद्यक पुन्हा रुग्णाच्या तोंडच्या शब्दांपाशी आले. दाबून मोजण्याच्या पद्धतीत हा विकार जवळजवळ स्त्रियांचाच वाटत असे. नव्या पद्धतीत पुरुषांचे प्रमाण वाढलेले दिसते. साधारणपणे जगभर २ ते ४ टक्के प्रौढांमध्ये हा विकार असावा असे मानतात.

यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. गुण ० ते ३१ असे असल्यामुळे हा विकार 'आहे' किंवा 'नाही' एवढाच प्रश्न राहत नाही. अँप्लिफायरची कळ कोणाची किती फिरलेली आहे, याची ती एक मोजपट्टी झाली. शल्यचिकित्सकांना उपयोग झाला तो या मोजपट्टीचा.

सांधा नवा, दुखणे जुने

१९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आपल्या नव्या पद्धतीने खुब्याचा सांधा बदलला आणि सांधेबदलाचे युग सुरू झाले. मराठी घरांत 'गुडघा बदलणे' हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी झाला तो बहुधा २००० आणि २००१ मध्ये, जेव्हा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. ही शस्त्रक्रिया अतिशय गुणकारी आहे, यात शंका नाही. तरी २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खुबा बदललेल्यांपैकी ७ ते २३ टक्के आणि गुडघा बदललेल्यांपैकी १० ते ३४ टक्के लोकांना पुढेही बऱ्यापैकी वेदना राहिल्याचे आढळले. यांतल्या बहुतेकांचे कृत्रिम सांधे क्ष-किरण चित्रात नीट बसलेले असतात.

मग मिशिगन विद्यापीठातल्या चाड ब्रमेट या भूलतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुबा किंवा गुडघा बदलायला आलेल्या ५१९ रुग्णांना शस्त्रक्रियेआधीच ती ० ते ३१ गुणांची प्रश्नावली दिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, ज्यांचे गुण जास्त, त्यांना शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनसारखी औषधे जास्त लागली. प्रत्येक वाढत्या गुणाबरोबर औषधही वाढत गेले. दोन वर्षांनी याच गटाने सहा महिन्यांनंतरच्या स्थितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अधिक गुण असलेल्यांची वेदना तुलनेने कमी घटली. आणि हे केवळ फायब्रोमायल्जियाचे निदान होण्याइतके गुण असलेल्यांपुरते नव्हते, त्याखालच्या गुणांनाही ते लागू होते.

असे का होते, ते आता वाचकांना सांगायला नको. शस्त्रक्रिया म्हणजे शरीराच्या दृष्टीने एक मोठी इजाच. कळ आधीच फिरलेली असेल तर तिचा आवाज मोठा येतो. मॉर्फिनसारखी औषधे अशा दुखण्यावर तुलनेने कमी परिणाम करतात. दुखते म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून सांधा आखडतो आणि स्नायू सुकतात. त्यात झोप मोडलेली असते आणि मोडलेल्या झोपेने काय होते हे टोरांटोच्या स्वयंसेवकांनी दाखवलेच आहे. वूल्फ यांच्या प्रयोगानंतर एक आशा अशी होती की, कापण्याआधीच नीट बधिरता दिली तर मेरुरज्जूला इजेची वार्ताच लागणार नाही आणि हे सगळे टळेल. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र याचे निकाल संमिश्र आले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, अशा रुग्णांची शस्त्रक्रिया करूच नये. तो चुकीचा ठरेल. स्वीडनमध्ये एवा कोसेक व ऑर्डेबर्ग यांनी खुब्याच्या झिजेने त्रस्त असलेल्या रुग्णांची वेदना दाबण्याची स्वतःची शक्ती मोजली. शस्त्रक्रियेपूर्वी ती मंदावलेली होती. शस्त्रक्रियेने खुब्याचे दुखणे थांबल्यावर ती पुन्हा काम करू लागली, असे त्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे काही वेळा दुखरा सांधाच कळ फिरवत असतो आणि तो बदलला की कळ खाली येते. मोडलेले हाड तर बसवायलाच हवे. प्रश्न असतो तो शस्त्रक्रियेआधी चार प्रश्न विचारण्याचा, नंतर एकाच जालीम औषधावर न विसंबण्याचा, झोपेची काळजी घेण्याचा आणि हालचाल अगदी थोडी, पण रोज, हळूहळू वाढवत नेण्याचा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या सर्व उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा निःशंक शिफारस फक्त व्यायामाची केली.

भिगवण आणि मोखाडा

हे सगळे लंडन, टोरांटो, मिशिगनचे झाले. आपल्या खेड्यांत कोणी मोजले आहे का? मोजले आहे. जागतिक आरोग्य संघटना व संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या एका कार्यक्रमाखाली पुण्याचे डॉ. अरविंद चोपरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर पाहणी केली. प्रशिक्षित स्वयंसेवक दारोदार गेले. माणसाच्या आकृतीवर कुठे कुठे दुखते ते दाखवायचे, अशी सोपी पद्धत होती. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, हाडे, सांधे, स्नायू यांचे दुखणे होते. सांधे सुजवून वाकडे करणारा खरा संधिवात साधारण ०.५ टक्क्यांना होता. उरलेल्यांत झीज, मऊ ऊतकांची दुखणी आणि ज्यांना नेमके नाव देणे कठीण अशा तक्रारी बऱ्याच होत्या. कष्टाची कामे करणाऱ्या गावात दुखणे किती पसरलेले असते, हे या पाहणीने दाखवून दिले.

पण भिगवण हे पुणे-सोलापूर मार्गावरचे, उजनीच्या पाण्याकाठचे गाव. जव्हार-मोखाड्याचा डोंगर वेगळा आहे, आणि इथे एक मोठी सावधगिरी बाळगावी लागते. फायब्रोमायल्जियाचे नाव इथे घाईने लावले तर ते जुन्या 'मानसिक संधिवाता'इतकेच घातक ठरेल. अंगभर दुखणे आणि थकवा ही दुसऱ्याही आजारांची लक्षणे आहेत, आणि त्यांतले काही इथे विशेष संभवतात. जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर माहीत झाले. अर्धपोटी शरीरात रक्त कमी असते आणि जखम भरायला व हाड जुळायला लागणारी सामग्रीही अपुरी पडते. 'ड' जीवनसत्त्व व कॅल्शियम यांच्या अभावाने हाडे मऊ झाली तर कंबर, मांड्या, बरगड्या ठणकतात. थायरॉइडची कमतरता आणि हाडांचा क्षयही विसरून चालत नाही.

सर्वांत आधी आठवायला हवा तो सिकलसेल. भारतात हा रक्तदोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळला. पालघरसह महाराष्ट्राच्या आदिवासी भागांतही तो आहे. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले, तर प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत असह्य कळा येतात. रक्तपुरवठा तुटून खुब्याच्या हाडाचे डोकेही झिजते आणि तरुण वयात शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. अशा रुग्णाला भूल देताना प्राणवायू, पाणी आणि ऊब यांची खास काळजी घ्यावी लागते, म्हणून हे आधी माहीत असणे जिवावरचे संकट टाळणारे ठरते. सिकलसेलच्या रुग्णांच्या कळाही बाहेरून दिसत नाहीत, आणि 'सोंग करतो' हे त्यांनीही ऐकलेले असते. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. तपासणी झालेल्यांना कार्डे मिळतात. आश्रमशाळेच्या कपाटात ती पडून राहू नयेत.

हे सगळे तपासून झाल्यावर, रक्त ठीक, हाड ठीक, क्षय नाही, तरी अंग दुखतेच, तेव्हा फायब्रोमायल्जियाचा विचार करायचा. तेही 'काही नाही' याचा नवा पर्याय म्हणून नव्हे. या विकारात रोज थोडे चालणे हा उपचार आहे, पण ते चालणे कोणते? मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झाले, त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात आणि चढतात. ताज्या शस्त्रक्रियेच्या पायाने दोन हंडे घेऊन चढ चढणे म्हणजे व्यायाम नव्हे. "चालत राहा" एवढेच सांगून कागद हाती देणाऱ्याला हा फरक माहीत असायला हवा. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयापर्यंत यायलाच जिथे निम्मा दिवस जातो, तिथे 'आठवड्यातून तीनदा व्यायामोपचाराला या' हा सल्लाही कागदावरच राहतो. घरच्या ओट्यावर करता येतील असे दोन-तीन व्यायाम नीट करून दाखवणे अधिक उपयोगी.

शेवटी शब्दांविषयी थोडे. दाराची कल्पना मांडणाऱ्या मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली तयार केली. रुग्ण आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात ते गोळा करून त्यांनी ७८ शब्दांचे २० गट पाडले. डॉक्टरांनी या शब्दांवरून दुखण्याची जात ओळखावी, असा हेतू. मराठीत या बाबतीत काय तोटा! कळ, चमक, ठणका, रग, सल, ठुसठुस, कणकण, चुरचुर, आग, मुंग्या, वळ, भरून येणे, मोडून येणे. ठणकते ते बहुधा एका जागी, मोडून येते ते सगळे अंग. चमक येते आणि जाते, रग साठत जाते. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी मुलांच्या घरी याहून वेगळे शब्द असतील. ते शब्द मुलांनी आजीला विचारून आणावेत, कोणता शब्द कशासाठी ते लिहावे, जमल्यास माणसाच्या आकृतीवर जागाही दाखवावी, असा एखादा प्रकल्प शिक्षकांनी अवश्य घ्यावा. तयार झालेली यादी फळ्यापुरती न ठेवता तिची एक प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी. पाड्यावरची बाई तिथल्या नव्या डॉक्टरांसमोर बसेल तेव्हा तिचा शब्द त्यांना आधीच माहीत असेल.